निरोगी माणसाचं रक्त

खरं बोलणाऱ्या माणसाशी लग्न करू नये, असं मी माझ्या मुलीला सांगणार होते. तिच्या लग्नाची वेळ आली आणि त्या सांगण्यात काही अर्थच उरला नाही. खोटं बोलणाऱ्याला निदान आपण कुणाला काय बोललो याचं भान ठेवावं लागतं. खरं बोलणारा एकदा सुटला की सुटला. आमचे हे, म्हणजे नंदकिशोर, त्यातले. जुनी स्कूटर विकायला काढली तेव्हा घ्यायला आलेल्या माणसाला यांनी तिचे इतके दोष सांगितले, की तो बिचारा चहाही न घेता गेला. ती स्कूटर अजून आमच्या पार्किंगमध्ये आहे आणि सोसायटीची मांजरं तिच्यावर झोपतात.

यांच्या या खरेपणामागे कारण आहे, ते मी नाकारत नाही. यांच्या धाकट्या बहिणीचं लग्न फसवून केलं होतं. नवऱ्याच्या डोक्यावर परिणाम आहे हे सासरच्यांनी लपवलं, आणि पोर दोन वर्षांत परत आली ती कायमचीच. पुढचं सगळं आयुष्य तिने भावाच्या घरात कपड्यांच्या घड्या घालत काढलं. तेव्हा यांनी ठरवलं, की आपल्या घरातलं काही झाकून कुणाच्या गळ्यात मारायचं नाही. मला याचा अभिमान वाटायचा. वाशीतल्या आमच्या दोन खोल्यांत अभिमान वाटावा असं दुसरं फारसं काही नव्हतं, म्हणून असेल.

जाई आमची थोरली. महाप्याला एका प्रयोगशाळेत संशोधन करते. लहान मुलांना होणारा मधुमेह का होतो, हे शोधायचं तिचं काम. शरीराच्या राखणीला ठेवलेल्या पेशी उलटतात, इन्सुलिन तयार करणाऱ्या आपल्याच पेशींना मारून टाकतात आणि चार-पाच वर्षांच्या पोराला जन्मभर सुया टोचून घ्याव्या लागतात. हे का होतं ते कळायचं तर आजारी मुलांच्या रक्ताबरोबर धडधाकट माणसांचंही रक्त तपासायला लागतं. बाहेरचे लोक सुईला घाबरतात, म्हणून तिथली नोकरीतली माणसंच एकमेकांचं रक्त काढतात. त्यांच्या भाषेत याला निरोगी नमुना म्हणतात. नळीवर नाव नसतं, नंबर असतो, पण स्वतःचा नंबर कोण विसरतं? रक्त दिल्यावर एक फ्रूटी मिळते. जाई ती पर्समध्ये टाकून प्रसादसाठी आणायची. प्रसाद तिचा धाकटा भाऊ, चांगला नोकरीला लागलेला घोडा, पण फ्रूटीवर झडप घालायचा.

एका संध्याकाळी ती जेवताना खुशीत होती. म्हणाली, "बाबा, आज मजाच झाली. त्या उलटणाऱ्या पेशी माझ्यातपण सापडल्या."

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली.

"अगं आई, घाबरू नको. सगळ्यांतच असतात. तुझ्यात, बाबांच्यात, खालच्या वॉचमनमध्ये. छातीत एक ग्रंथी असते, थायमस. तिथे या पेशींची परीक्षा होते. जी पेशी आपल्याच शरीराला शत्रू समजते, तिला तिथेच संपवतात. पण सगळ्यांना नाही संपवत. काही सुटतात आणि जन्मभर रक्तात फिरत राहतात. सगळ्याच मारल्या तर जंतूंशी लढायला कोणी उरणार नाही ना. त्यांना गप्प बसवायला दुसऱ्या पेशी असतात. ते गप्प बसवणं नीट चाललं, तर माणूस निरोगी. पेशी असणं म्हणजे आजार नाही."

"म्हणजे आपल्या सोसायटीसारखंच की," हे म्हणाले. "भांडखोर प्रत्येक मजल्यावर असतात. सेक्रेटरी खमक्या पाहिजे."

सगळे हसलो. आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं माझी आई म्हणायची, ते मी सांगितलं. जाईला ते इतकं आवडलं की तिने ते मोबाइलमध्ये लिहून घेतलं. तो आमचा चांगला दिवस होता.

शौनक जाईला महाप्यालाच भेटला. तिच्या प्रयोगशाळेच्या शेजारच्या इमारतीत त्याची कंपनी, आणि दोघांचा चहावाला एकच. वर्षभर चहा झाला, मग त्याने तिला घरी नेलं. घर नेरूळला. वडिलांना मान डोलावण्यापलीकडे काम नाही, आणि आई रंजिताताई, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. बाई कडक, पण मला आवडल्या. माझ्या हातच्या कोथिंबीरवड्या त्यांनी मागून घेतल्या. जाई त्या घरात सुखात राहील असं मला मनापासून वाटलं, आणि शौनककडे बघताना तिचा चेहरा जसा व्हायचा तसा मी तो आधी कधी पाहिला नव्हता.

बोलणी आमच्याकडे झाली. मार्गशीर्षातली तारीख, नेरूळचा हॉल, जेवणात मोदक की जिलेबी, सगळं ठरलं. रंजिताताईंनी जाईला जवळ बसवून घेतलं होतं. मी कॉफी आणायला उठणार, एवढ्यात यांनी घसा साफ केला. तो घसा मी ओळखते. स्कूटरच्या वेळीही असाच साफ केला होता.

"एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो," हे म्हणाले. "नंतर लपवलं असं व्हायला नको. जाईच्या रक्तात स्वतःच्याच शरीरावर हल्ला करणाऱ्या पेशी सापडल्यात. तिच्याच लॅबमध्ये टेस्ट झालीय. अर्थात काळजीचं काही नाही, त्या सगळ्यांतच असतात."

शेवटचं वाक्य कुणाच्या कानात शिरलंच नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. रंजिताताईंचा जाईच्या पाठीवरचा हात आधी थांबला, मग हळूच मांडीवर आला.

"म्हणजे नक्की काय?" त्यांनी विचारलं.

जाईने समजावलं. आम्हाला सांगितलं होतं तसंच, त्याहून सोपं करून. रंजिताताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी आयुष्यभर मुलांना शिकवलं, पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक. सैनिक घरच्यांवर बंदूक रोखतो होय? म्हणजे त्या परीक्षेत नापास झालेल्या पेशी तुझ्यात राहिल्या."

"नापास नाही हो, काठावर पास," जाई हसत म्हणाली.

"काठावर पास झालेली मुलं पुढे काय दिवे लावतात, ते मला विचार."

जाईने शौनककडे पाहिलं. तो शिकलेला मुलगा, वर्षभर तिच्या कामाच्या गोष्टी चहाबरोबर ऐकत आलेला. त्याला यातला शब्द न् शब्द माहीत होता. तो तोंडात मूग धरून मोबाइलवर हॉलचे फोटो बघत बसला. "आम्ही कळवतो," म्हणून मंडळी उठली. कॉफी मी बेसिनमध्ये ओतली.

"झाकली मूठ सव्वा लाखाची असते, कळतं का तुम्हाला?" मी यांना म्हटलं.

"माझ्या बहिणीचं झालं तेव्हा त्यांनीही मूठच झाकली होती," हे म्हणाले. मी कप विसळायला घेतले.

दोन दिवसांनी रंजिताताईंचा फोन आला. बाळंतपणात काही उलटलं तर, नातवंडांत उतरलं तर, अशा शंका. शेवटी म्हणाल्या, डॉक्टरांकडून लिहून आणा की मुलीच्या रक्तात अशा पेशी नाहीत, म्हणजे आमचं टेन्शन गेलं. मी आमच्या सेक्टरमधल्या डॉक्टरांकडे गेले. ते पेन काढून तयारच होते. मुलगी तंदुरुस्त आहे असं लिहितो, हवं तर वरून तुमचं ते वाक्यही टाकतो, म्हणाले.

जाई ऐकेना. "आई, ते वाक्य म्हणजे हिच्या अंगात रक्त नाही असं लिहून घेण्यासारखं आहे. असा माणूसच नसतो."

"नसू दे. कागद द्यायचा, त्यांचं तोंड बंद करायचं, लग्न करायचं."

"मी रोज हेच काम करते. आणि माझ्याच बाबतीत खोटं लिहून घेऊ? उद्या आजारी पोरांच्या आयांना कुठल्या तोंडाने सांगू?"

"बापाची लेक शोभतेस," मी रागाने म्हटलं. तिला वाटलं मी कौतुक केलं.

त्या रविवारी शौनक एकटा आला. सोफ्याच्या टोकावर बसला, पाहुण्यासारखा. "मला माहितीये काकू, त्या सगळ्यांत असतात. माझ्यातपण असणार. पण आईला कोण सांगणार?"

"तू," मी म्हटलं.

"काकू, तुम्ही पण ना." तो कसनुसा हसला. "आई पुराव्याशिवाय ऐकत नाही. ती म्हणते, जाईच्या घरातलं साठी उलटलेलं धडधाकट माणूस दाखवा, ज्याच्या रक्तात या पेशी आहेत आणि तरी त्याला काही झालेलं नाही. मग मी मानते. तेवढं एक झालं तर आमच्याकडून काही अडचण नाही."

जाईचा चेहरा उजळला. तिच्या प्रयोगशाळेला साठीपुढची निरोगी माणसं हवीच होती. काम अगदी सोपं होतं. मी पदर खोचून पुढे झाले, की माझं घ्या रक्त, लागेल तेवढं घ्या. जाईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला कळलं, काहीतरी राहून गेलंय.

"आई, तुला थायरॉइडची गोळी चालू आहे ना. तुझा थायरॉइड त्यातलाच आहे. तुझ्याच पेशींनी ग्रंथी खाल्ली. तू निरोगीत नाही बसत."

म्हणजे इतकी वर्षं रोज उपाशीपोटी जी गोळी मी गिळत आले, तिचं कारण मला त्या दिवशी समजलं. वाईट वाटायलाही वेळ नव्हता. राहिले हे. यांना ना बीपी, ना शुगर. रोज सकाळी खाडीकाठच्या सागर विहारपर्यंत चालून येतात आणि आल्यावर ज्यांची गुडघेदुखी आहे त्यांची नावं मला सांगतात. साठी उलटलेला, धडधाकट, त्याच रक्ताचा माणूस आमच्या घरात खुर्चीवर पाय वर घेऊन पेपर वाचत बसला होता.

"बाबा, शनिवारी माझ्याबरोबर चला," जाई म्हणाली. "एक सुई, पाच मिनिटं."

यांनी पेपर खाली केला नाही. "माझं कशाला? मला काही झालेलं नाही."

"म्हणूनच. काही न झालेलाच माणूस हवाय."

"आणि निघाल्या तर?"

"निघणारच आहेत. निघाव्यात म्हणून तर द्यायचंय."

आता पेपर खाली आला. "मग ते रंजिताताईंना कळणार. त्यांच्याकडून चार घरांत जाणार. बापातही आहे, म्हणजे घराण्यातच आहे, असं लोक म्हणणार. प्रसादचं अजून व्हायचंय, जाई."

प्रसाद आतून बाहेर आला. "माझं टेन्शन नका घेऊ बाबा. जा ना, काय होतं?"

"तू गप्प बस," हे म्हणाले. "तुला कळत नाही."

मी यांना खूप बोलले. तुमच्या खरेपणाने पोरीचं ठरलेलं लग्न अडकलं, आता त्याच खरेपणाने ते सोडवा, म्हटलं. स्कूटरचे दोष सांगताना घराण्याचा विचार नव्हता केलात, म्हटलं. शनिवारी सकाळी जाई तयार होऊन हॉलमध्ये बसली. हे नेहमीपेक्षा लवकर फिरायला गेले आणि नेहमीपेक्षा खूप उशिरा आले. तोपर्यंत ती एकटीच निघून गेली होती.

एवढ्यावर थांबले असते तरी मी माफ केलं असतं. माणूस भितो. पण त्या संध्याकाळी मी पोळ्या करत होते, आणि गॅलरीतून यांचा आवाज आला. फोनवर बोलताना हे नेहमीच मोठ्याने बोलतात.

"रंजिताताई, तुमच्यापासून काही लपवायचं नाही, म्हणून स्वतःहून सांगतोय. वैजयंतीला थायरॉइड आहे. तोही याच प्रकारातला, जाईच म्हणते. तेव्हा हे तिच्या आईकडून आलंय. आमच्या घराण्यात असलं काही नाही. माझी तब्येत तुम्ही बघताच. प्रसाद सगळा माझ्यावर गेलाय."

तव्यावरची पोळी जळाली. मी गॅलरीत गेले आणि फोन हातातून काढून घेतला, पण पलीकडे कोणी नव्हतं.

"काय केलंत हे?"

"खरं तेच सांगितलं," हे म्हणाले. "थायरॉइड आहे की नाही तुला?"

होताच. या माणसाच्या तोंडून कधी खोटा शब्द निघाला नाही, आणि त्या क्षणी मला वाटलं की याच्याइतका खोटा माणूस नव्या मुंबईत शोधून सापडायचा नाही. मी लग्न होऊन या घरात आले, यांच्या आईचं आजारपण काढलं, यांच्या परत आलेल्या बहिणीला शेवटपर्यंत सांभाळलं. आणि आता या घराण्यातलं वाईट ते माझ्या माहेरचं होतं.

दुसऱ्या दिवशी शौनकचा मेसेज आला. जाईने ओट्यापाशी उभी राहून वाचून दाखवला. "सॉरी. आईचं मन तयार होत नाहीये. तू खूप चांगली आहेस. काळजी घे." तिने मोबाइल उपडा ठेवला आणि कांदा चिरायला घेतला. मी म्हटलं, रड गं, रडून घे. ती म्हणाली, "तो फोन तरी करू शकत होता." मग मीच रडले. ती चिरत राहिली.

नंतरचे दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. हे पूर्ववत झाले. सकाळी फिरायला, आल्यावर पेपर. प्रसादसाठी एक-दोन स्थळं येत होती, त्यांचे फोटो आणून मला दाखवायचे. मी बघायची नाही. जाई महाप्याला जायची आणि यायची. चहावाला तोच होता, म्हणून ती आता घरून थर्मास न्यायला लागली. एकदा मी तिला विचारलं, तिकडे दुसरीकडे कुठे बदली मिळत नाही का? म्हणाली, "मी का जाऊ? मी काय केलंय?"

महिना झाला असेल. आम्ही चौघं जेवायला बसलो होतो. भात वाढून झाला होता, आणि प्रसाद काहीतरी मनात धरून बसलाय हे मला दिसत होतं. तो शेवटी बोलला.

"मी ताईच्या लॅबमध्ये जाऊन ब्लड देऊन आलो होतो. तो शौनकचा मेसेज आला ना, त्याच आठवड्यात. आज रिझल्ट आला. माझ्यातपण आहेत. ताईपेक्षा जरा जास्तच."

त्याला वाटलं असावं, की यामुळे बहिणीला बरं वाटेल. तिला वाटलंही. तिने भावाच्या खांद्यावर हात ठेवला.

हे ताटावरून उठले. आमच्या हॉलची खिडकी समोरच्या बिल्डिंगकडे उघडते. ती त्यांनी ओढून लावली. मग दाराची कडी लागलीय का ते जाऊन पाहिलं. परत आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "हे या घराबाहेर जाता कामा नये. कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. वैजयंती, तू माहेरीसुद्धा नाही. प्रसाद, ऑफिसात बोललास तर याद राख."

जाई वरण कालवत होती. तिने हात थांबवला.

"मग माझं का सांगितलंत, बाबा?"

आवाज चढवला नाही तिने. टोमणाही नव्हता त्यात. लहानपणी शाळेतून येऊन शंका विचारायची, तितक्या सरळपणे विचारलं. हे तसेच उभे. मग माझ्याकडे बघायला लागले. बाप-लेकीत काही अडलं की मी मध्ये पडते, विषय बदलते, कुणाला तरी ताक वाढते, हे त्यांना ठाऊक होतं.

मी जागची हलले नाही. मलाही उत्तर ऐकायचं होतं.

प्रसादने मान खाली घातली. जाईने बरीच वाट पाहिली. मग पुढ्यातला भात संपवला, ताट उचललं आणि घासायला आत गेली.